‘चालेल’ म्हणजे संमती नव्हे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग. वक्त्या अनेक वर्षं समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करत आहेत. भाषणात आलेल्या व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)



समुपदेशकाच्या खोलीत हल्ली एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. “आपलं बोलणं मी रेकॉर्ड करू का? एआय त्यावरून नोंदी तयार करून देतं.” विचारायला दहा सेकंद लागतात, उत्तर यायला दोन. आपल्याकडे हे उत्तर बहुतेक वेळा एकाच शब्दात येतं : “चालेल.”

हा ‘चालेल’ मोठा फसवा शब्द आहे. पाहुणे म्हणून गेल्यावर कोणी “चहा चालेल ना?” असं विचारलं, तर पित्ताने हैराण झालेला माणूससुद्धा “चालेल” म्हणतो. समोरच्याचं मन मोडू नये, एवढाच त्याचा अर्थ असतो. चहाच्या बाबतीत हे ठीक आहे. पण माणूस आपलं दुःख घेऊन जिथे येतो, तिथे या ‘चालेल’वर विसंबून मी एकदा चुकले. ती चूक आणि तिच्यातून मी काय शिकले, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

ज्यांचा समुपदेशनाशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. साधारण पाऊण तासाची भेट असते. एक जण बोलतो, दुसरा ऐकतो, मधूनमधून विचारतो. भेट संपली की आम्हाला नोंद ठेवावी लागते. झोप कशी आहे, जेवण कसं आहे, मागच्या वेळी ठरवलेलं काय झालं, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार डोक्यात येतो का, पुढच्या वेळी काय बघायचं. पंधरा दिवसांनी ती व्यक्ती परत आली, की ही नोंद वाचून आम्ही धागा पुन्हा हातात घेतो. नोंद नसेल, तर तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. ती शिक्षाच होते.

आता ही नोंद करायची कधी? समोर बसून लिहावं, तर बोलणाऱ्याचं लक्ष पेनाकडे जातं. “काय लिहिताय?” असं कोणी विचारत नाही, पण डोळ्यांत ते दिसतं. हा पेच जुना आहे. सिग्मंड फ्रॉईडने १९१२ साली डॉक्टरांना सल्ला दिला होता, की भेट चालू असताना सविस्तर टिपणं घेऊ नयेत. लिहिणारा माणूस ऐकतानाच निवड करू लागतो आणि मोकळेपणाने ऐकणं राहून जातं, असं त्याचं म्हणणं. पुढे अमेरिकेत कार्ल रॉजर्सने उलटा मार्ग धरला. त्याने भेटी ध्वनिमुद्रित केल्या. १९४२ सालच्या आपल्या पुस्तकात एका माणसाबरोबरच्या आठ भेटींचं संभाषण त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत छापलं. त्या मुद्रणांतून कितीतरी जण समुपदेशन शिकले. म्हणजे बोलणं मुद्रित करणं ही गोष्टच वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही.

माझ्यापुरतं सांगायचं, तर मी नोंदी रात्री लिहायची. दिवसात सहा जण येऊन गेलेले असायचे. जेवणं झाली, ओटा आवरला, की वही घेऊन बसायचं. तिसऱ्या नोंदीपर्यंत डोळे मिटायला लागायचे आणि सकाळच्या बाईंनी सांगितलेलं दुपारच्या बाईंच्या नावावर जातंय की काय, अशी धास्ती वाटायची. अशात एका परिचितांनी एक अ‍ॅप सुचवलं. फोन टेबलावर ठेवायचा. आवाज इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातो. तिथे आधी आवाजाची अक्षरं होतात, मग त्या मजकुराचा सारांश निघतो आणि ठरावीक साच्यात बसून परत येतो. आपण तो वाचायचा, दुरुस्त करायचा, आपल्या नावाने ठेवायचा. मी आठवडाभर वापरून पाहिलं आणि खरं सांगते, अनेक महिन्यांनी रात्री दहाला झोपले.

संमतीचा कागदही मी तयार केला होता. त्यावर तारीख होती, सहीची जागा होती.

त्या सुमारास एक बाई येऊ लागल्या. वय पन्नाशीच्या आसपास. तालुक्याच्या गावाहून एसटीने दोन तास प्रवास करून यायच्या. पहिल्याच भेटीत, बसल्या बसल्या, मी त्यांना अ‍ॅपबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, “चालेल की. तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा, मॅडम.” मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला नाही. “कुठं करू सही?” एवढंच विचारलं.

चार भेटी झाल्या. त्या गुडघ्यांबद्दल बोलल्या, झोपेबद्दल बोलल्या, सुनेच्या तोंडाळपणाबद्दल बोलल्या. नोंदी अगदी नीटनेटक्या होत होत्या. मला मात्र कळत नव्हतं, की एवढ्या त्रासासाठी ही बाई दोन तास एसटीत बसून का येते?

पाचव्या भेटीला माझ्या फोनची बॅटरी संपली. मी म्हटलं, “आज राहू दे, मी नंतर हातानेच लिहीन.” त्यांनी फोनकडे पाहिलं. मग विचारलं, “आता बंद आहे ना नक्की?” मी फोन उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला. त्यानंतर त्या चाळीस मिनिटं बोलल्या. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि सव्वीस वर्षं त्या मार खात होत्या. हे त्यांनी आईलाही सांगितलेलं नव्हतं.

शेवटी मी विचारलं, “इतके दिवस का नाही बोललात?” त्या म्हणाल्या, “त्यात जायचं ना सगळं. ह्यांच्या भाच्याचं मोबाईलचं दुकान आहे. फोनमधलं काहीही काढता येतं, म्हणतो तो.” मी म्हटलं, “मग पहिल्याच दिवशी नको म्हणायचं होतंत!” त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मला काही कळतच नाही. म्हणाल्या, “तुम्ही एवढं विचारलंत. नाही कसं म्हणणार?”

श्रोतेहो, माझ्या फायलीत त्या बाईंची सही होती. कोणी तपासायला आलं असतं, तर माझे कागद चोख निघाले असते. पण त्यांनी मला संमती दिलेली नव्हती. त्यांनी माझं मन राखलं होतं, जसं त्या घरात सगळ्यांचं राखत आल्या होत्या. आणि त्याची किंमत म्हणून चार भेटी, चार वेळचं एसटीचं भाडं आणि एक महिना जास्तीचा मार, एवढं त्यांनी भरलं.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा नीट अभ्यास केला. कायदा काय म्हणतो, हे आधी पाहिलं. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. एका स्त्रीने पोटात दुर्बीण घालून तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. न्यायालयाने सांगितलं, की तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही आणि तातडीचं कारण नसेल, तर सज्ञान बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबलंच पाहिजे. मला यातलं तत्त्व आमच्या खोलीलाही लागू आहे असं वाटतं. माझ्याशी बोलायला दिलेली संमती ही यंत्राला ऐकवायची संमती नाही. आणि यंत्राने नोंद करायला दिलेली संमती ही त्या आवाजावरून कंपनीने आपली यंत्रणा शिकवून तयार करण्याची संमती तर नाहीच नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे अपवाद मोजके आहेत. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमती स्वेच्छेने दिलेली, ठरावीक कारणापुरती, माहिती घेऊन दिलेली, बिनशर्त आणि स्पष्ट असली पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय हवी. मराठी त्यात आलीच. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होतील, अशी रचना आहे. पण आम्ही त्या तारखेची वाट कशाला पाहायची?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने २०२५ च्या ऑगस्टमध्ये नेमक्या याच विषयावर कायदा केला. भेटीचं मुद्रण करून एआयची मदत घ्यायची असेल, तर ते कशासाठी वापरणार हे आधी लेखी कळवायचं आणि संमती घ्यायची. आणि त्या कायद्यात एक गोष्ट मला फार आवडली. लांबलचक अटींच्या खाली ‘मान्य आहे’ असं बटण दाबून घेतलेला होकार तिथे संमती म्हणून धरला जात नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? नोंद कुठेतरी संगणकावर राहिली, तर काय बिघडलं? फिनलंडमध्ये काय झालं ते ऐका. वास्तामो नावाची तिथली मोठी मानसोपचार संस्था. तिच्या सुमारे ३३ हजार रुग्णांची माहिती चोरीला गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये रुग्णांना एकेकट्याला ईमेल येऊ लागल्या : दोनशे युरो भरा, नाहीतर तुम्ही थेरपिस्टला सांगितलेलं जगजाहीर करू. पुढल्या वर्षी संस्था दिवाळखोरीत गेली. २०२४ मध्ये आरोपीला तुरुंगवासाची शिक्षा सुनावली गेली. पण ज्यांची गुपितं बाहेर पडली, त्यांचं काय? तिथे एआयचा काही संबंध नव्हता, नोंदी माणसांनीच लिहिल्या होत्या. पण आवाज आणि नोंदी जितक्या जास्त ठिकाणी जातील, तितकी दारं वाढतात, एवढं तर खरं.

दुसरा धोका चुकांचा. आमच्याकडच्याच एका नोंदीतलं उदाहरण सांगते. एक बाई म्हणाल्या होत्या, “रात्री उशिरा येतात, मग आरडाओरडा करतात, कधी हातही उचलतात.” नवऱ्याबद्दल बोलत होत्या, पण नाव घेतलं नव्हतं. आपल्याकडे अनेक बायका घेत नाहीत. यंत्राने इंग्रजीत नोंद केली, की घरातले अनेक लोक तिला मारतात! आपलं आदरार्थी बहुवचन त्याने खरंखुरं बहुवचन धरलं. मी न वाचता ती नोंद ठेवून दिली असती आणि उद्या ती न्यायालयात मागवली गेली असती, तर दोन जबाब जुळत नाहीत म्हणून तीच बाई खोटी ठरली असती.

आणि शांतता! आमच्या कामात कधीकधी माणूस दोन-दोन मिनिटं गप्प बसतो. त्या गप्प बसण्यातच बरंच काही असतं. आवाजाची अक्षरं करणाऱ्या व्हिस्पर या प्रसिद्ध प्रणालीचा अमेरिकी संशोधकांनी अभ्यास केला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातल्या साधारण एका तुकड्यात, कोणी उच्चारलेलीच नाहीत अशी वाक्यं यंत्राने घातलेली आढळली. बोलण्यात मोठे खंड असले, की हे जास्त होत होतं. शंभरात एक हे प्रमाण बाजारहाटाच्या यादीत चालून जाईल. आत्महत्येचा विचार येतो की नाही, हे जिथे लिहायचं, तिथे कसं चालेल?

मग मी यंत्र टाकून दिलं का? नाही. पण विचारायची पद्धत मुळापासून बदलली.

पहिल्या भेटीत मी विचारतच नाही. त्या दिवशी माणूस रडवेला असतो, घाबरलेला असतो, मदत नाकारली जाईल या भीतीने कशालाही हो म्हणायला तयार असतो. त्या दिवशीची नोंद मी हातानेच करते. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, थोडी ओळख झाली, की म्हणते, “नोंद ठेवायच्या माझ्याकडे दोन पद्धती आहेत. एक हाताने, आत्तापर्यंत करतेय तशी. दुसरी यंत्राने. यंत्राने माझा वेळ वाचतो. तो फायदा माझा आहे. त्यासाठी तुम्ही हो म्हणायलाच हवं असं नाही. नको म्हणालात तर फीमध्ये, वेळेत किंवा माझ्या वागण्यात काही फरक पडणार नाही.” हे स्पष्ट सांगणं मला सुरुवातीला जड गेलं. फायदा कोणाचा, हे आपण व्यावसायिक लोक सहसा झाकून ठेवतो.

मग आवाज कुठे जातो, किती दिवस राहतो, कोण ऐकू शकतो, हे साध्या मराठीत सांगते. ज्या प्रश्नाचं उत्तर कंपनीने मला दिलेलं नाही, तिथे ‘मला माहीत नाही’ असं सांगते. आणि शेवटी विचारते, “तुमच्या बहिणीने विचारलं की मॅडम काय म्हणत होत्या, तर तिला काय सांगाल?” त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं, की मला कळतं किती पोचलंय. तरीही उत्तर “चालेल”, “तुम्ही ठरवा” किंवा “तुम्हाला बरं वाटेल ते” असं आलं, तर मी तो नकार समजते. “हो, करा” असं आलं, तरच होकार. तोही त्या दिवसापुरता. पुढल्या वेळी पुन्हा विचारायचं. फोन त्यांच्या हाताशी ठेवायचा, मधेच बंद करावासा वाटला तर कारण सांगायची गरज नाही.

काही गोष्टी अनुभवाने कळल्या. नवरा-बायको दोघं येतात, तेव्हा दोघांचाही वेगवेगळा होकार लागतो. एकाने दुसऱ्याच्या वतीने मान हलवून भागत नाही. मुलांच्या बाबतीत कायदा पालकांची संमती मागतो, पण पंधरा वर्षांच्या मुलीला “तुझी आई हो म्हणाली आहे” असं सांगून यंत्र चालू केलं, तर ती माझ्याशी पुन्हा काही बोलेल का? तिचा नकार मी पालकांच्या होकाराच्या वर ठेवते. आणि घरात सगळ्यांचा मिळून एकच फोन असेल, तर ‘आजच्या भेटीचा सारांश तयार आहे’ असा संदेश त्या फोनवर जाणार नाही, याची खात्री आधी करायची. असा एक संदेश एखाद्या घरात काय करू शकेल, हे सांगायला नको.

अशा रीतीने विचारल्यावर काही जण खरोखर हो म्हणतात. एका विद्यार्थ्याला तर नोंदीची प्रत हवी असते, कारण घरी गेल्यावर ठरवलेलं विसरायला होतं. काही जण नको म्हणतात. त्या दिवशी रात्री मी पुन्हा वही घेऊन बसते. बसायलाच हवं.

श्रोतेहो, आता तुमच्यासाठी. तुमच्यापैकी कोणी स्वतः समुपदेशन घेत असेल, किंवा मुलाला, बहिणीला घेऊन जात असेल, तर एवढे प्रश्न मोकळेपणाने विचारा. आमचं बोलणं मुद्रित होतंय का? आवाज कुठे साठतो आणि कधी पुसला जातो? त्यावरून कंपनी आपलं यंत्र शिकवते का? तयार झालेली नोंद तुम्ही स्वतः वाचता का? आणि मी नको म्हटलं तर? या शेवटच्या प्रश्नाला समुपदेशक कसं उत्तर देतो, त्यावरून तुम्हाला त्याच्याविषयी बरंच कळेल. तुम्ही आधी हो म्हटलं असेल आणि आता नकोसं वाटत असेल, तर “पुढच्या वेळेपासून हाताने लिहा” एवढं सांगितलं तरी पुरे. आणि कृपा करून, या सगळ्याच्या भीतीने मदत घ्यायचं टाळू नका. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

जाता जाता एकच सांगते. मागे एक तरुण येत होता. चांगल्या नोकरीत होता, पण घरी आणि ऑफिसात कोणालाच नकार देता येत नाही, म्हणून पार पिचून गेलेला. त्याला मी नेहमीसारखं दोन पद्धतींबद्दल विचारलं. तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “नको, ताई.” आणि लगेच, “सॉरी हं, तुम्हाला लिहायला लागेल.” मी म्हटलं, “लागेल. लिहीन की.” त्याने वर पाहिलं. मी खरंच रागावले नाही ना, हे त्याला बघायचं होतं. पुढल्या भेटीला आल्या आल्या त्याने विचारलं, “मागच्या वेळचं लिहिलंत का हाताने?” मी वही उघडून दाखवली. मग आमचं बोलणं सुरू झालं.